शितावरून भाताची परीक्षा

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? संस्कृत पंडितांनी तिलाच ‘स्थालीपुलाकन्याय’ असे भारदस्त नाव दिले आहे. चुलीवरील पातेल्यातले एक शीत बोटांनी चेपून पाहावे आणि सगळा भात शिजला की नाही हे सांगावे, इतका साधा त्याचा अर्थ. आम्ही पदवीधर नव्हे. मॅट्रिक झाल्यावर पाठशाळेत व्याकरण आणि न्याय यांचे थोडेबहुत अध्ययन केले, आणि त्या शिदोरीवर छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. एवढ्या काळात हा न्याय फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. परंतु तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही, हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले. आणि तेही परक्या देशात, मालवाहू मोटारींच्या गोष्टी ऐकताना कळले. या कथेत आमची स्वतःची एक जुनी चूक गुंतलेली असल्यामुळे लिहिण्यास मन कचरत होते. पण वाचकांपैकी पुष्कळजण वयाने वा नात्याने दुसऱ्यास सल्ला देण्याच्या जागी असतील. त्यांच्या ती उपयोगी पडेल, या बुद्धीने लेखणी हाती घेतली आहे.

सन २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या कन्येकडे, अमेरिकेतील टेक्सस राज्यात सॅन अँटोनियो शहरानजीक, चार महिने राहण्याचा योग आला. आमचे कुटुंबही बरोबर होते. तेथे पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरले ते हे की, ज्याच्या त्याच्या दारात एक पिकअप ट्रक उभा आहे. पुढे माणसांना बसावयास बंद खोली आणि मागे उघडा हौदा, असे हे वाहन. आपल्याकडे ते भाजीपाला, सिमेंट, दुधाच्या किटल्या वाहते. तिकडे मात्र वकील त्यातून कचेरीस जातो आणि गृहिणी मुलांस शाळेत पोहोचविते. कित्येक हौद्यांत वर्षभरात एक गोणीसुद्धा पडत नसेल!

या गाडीचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. प्रथम प्रथम शेतकरी साध्या मोटारीचा मागचा भाग काढून तेथे स्वतःच लाकडी खोके बसवून घेत. ती गरज ओळखून १९२५ साली फोर्डच्या कारखान्याने आपल्या ‘मॉडेल टी’ मोटारीस कारखान्यातच हौदा जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली. त्याच घराण्यातील ‘एफ’ मालिकेचे ट्रक १९७७ पासून त्या देशातील ट्रकांच्या विक्रीत अग्रस्थानी आहेत. २०२३ या एका वर्षात ते सात लाखांहून अधिक खपले. शेवरोले आणि राम हे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. टोयोटा हा मागाहून आलेला.

या नावांवरून तेथे जी पक्षोपपक्ष आहेत ती पाहून आम्हांस आपल्याकडील शैव-वैष्णवांच्या जुन्या वादांची आठवण झाली. एका कंपनीचा भक्त आपल्या गाडीच्या मागील काचेवर दुसऱ्या कंपनीच्या चिन्हाची अशी विटंबना करणारे चित्र चिकटवितो की, त्याचे वर्णन या कुटुंबप्रिय मासिकात करता येणार नाही. नावांच्या व्युत्पत्तीही चालतात. ‘फोर्ड’ या शब्दाची चार इंग्रजी अक्षरे घेऊन विरोधकांनी ‘फिक्स ऑर रिपेअर डेली’, म्हणजे ‘नित्य दुरुस्त करीत जावे’, असा विग्रह केलेला आहे. यास्काचार्यांसही ही युक्ती सुचली नसती!

आमच्या कन्येच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, जन्मभर सुतारकामाची कंत्राटे घेतलेली, मितभाषी आणि सज्जन. आम्हांस ते ‘टीचर’ म्हणत. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या एकाच कंपनीचे ट्रक आहेत. तिचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यांच्या वडिलांनी पहिला घेतला, त्यातच हे गाडी चालविण्यास शिकले, आणि वडील वारले तेव्हा त्याच ट्रकच्या हौद्यातून त्यांची शवपेटी दफनभूमीत नेली. त्यानंतर दुसऱ्या कंपनीचा ट्रक दारात उभा करण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही.

आमच्या जावयांची रीत निराळी. ते अभियंता आहेत. त्यांस बागकामाची व लाकूडकामाची हौस, म्हणून त्या वर्षी त्यांनीही ट्रक घेण्याचे ठरविले, आणि एखादा विद्यार्थी परीक्षेस बसतो तशा तयारीने ते गुणपत्रिका वाचू लागले. गुणपत्रिका मोटारींच्या. त्या देशात ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ या नावाची एक संस्था आहे. तिचा आरंभ १९३६ साली झाला. तिचे मासिक कोणाचीही जाहिरात घेत नाही आणि तपासावयाची मोटार सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे स्वतःच्या पैशाने विकत घेते. शिवाय दरवर्षी ती आपल्या सभासदांस विचारते की, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीचे काय काय बिघडले? एंजिन, गिअर, वीज, रंग असे निरनिराळे रकाने असतात. लाखो उत्तरांवरून प्रत्येक गाडीस शंभरपैकी गुण मिळतात. १९६८ साली निघालेली ‘जे. डी. पॉवर’ ही दुसरी संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या मालकांस विचारून दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजते. २०२४ च्या तिच्या अहवालात सर्व मोटारींची सरासरी शंभर गाड्यांमागे १९० तक्रारी अशी निघाली होती.

हे सारे जावयांनी आम्हांस समजावून दिले तेव्हा आम्हांस फार आनंद झाला. नैयायिक ज्यास भूयोदर्शन म्हणतात ते हेच! धूर आणि अग्नी यांचा संबंध एका स्वयंपाकघरात पाहून ठरत नाही. पुन्हा पुन्हा, अनेक ठिकाणी, पाहावा लागतो. एका मालकाचा अनुभव प्रत्यक्ष खरा, पण तो एकाच गाडीचा. दहा हजार मालकांचा अनुभव एकत्र केला म्हणजे त्यास प्रमाणाची योग्यता येते.

तरीपण गुण देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास गुणांच्या मर्यादाही दिसतात. ७२ गुण मिळविणारा आणि ७४ गुण मिळविणारा यांच्या बुद्धीत खरोखर अंतर असते असे कोणत्याही अनुभवी परीक्षकाने छातीस हात लावून सांगावे. आम्ही तर सांगणार नाही. दुसरे असे की, तक्रारींच्या नुसत्या संख्येत गाडीतील काचेचा पडदा गोठला ही एक तक्रार, आणि एंजिन रस्त्यात बंद पडले हीही एकच. ऱ्हस्व-दीर्घ चुकणाऱ्यास आणि श्लोकाचा अर्थ उलटा लावणाऱ्यास सारखाच एक गुण वजा करावा, तसे हे झाले. आणि तिसरे, गुणपत्रिका मागील इयत्तेची असते. पुढील इयत्तेत मुलगा कसा निघेल हे ती सांगू शकत नाही. याचे उदाहरण आम्ही तेथे असतानाच सर्वांच्या तोंडी होते. टिकाऊपणाबद्दल टोयोटाची जगभर ख्याती. सॅन अँटोनियो येथेच २००६ पासून तिचा ‘टुंड्रा’ हा मोठा ट्रक तयार होतो. त्यात २०२२ च्या नमुन्यापासून नवे एंजिन घातले. आणि घडणीच्या वेळचा धातूचा कीस काही एंजिनांत राहून गेल्यामुळे मे २०२४ मध्ये सुमारे १ लाख २ हजार गाड्या कंपनीस दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कोणी यावरून इतरांस थोर समजू नये. पुढच्याच महिन्यात फोर्डने २०१४ सालचे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक गिअरच्या दोषासाठी परत बोलाविले, आणि २०२५ च्या वसंतात शेवरोलेच्या मातृसंस्थेने मोठ्या एंजिनाच्या सुमारे सहा लाख गाड्या. कुलीनांच्या घरीही उनाड पुत्र निपजतो.

एके सायंकाळी शेजारचे गृहस्थ आपल्या भागातील पीच फळांची टोपली घेऊन आले. बोलता बोलता विषय ट्रकांवर गेला. जावयांनी नम्रपणे आपले तक्ते दाखविले. वृद्धांनी ते चष्मा लावून शांतपणे पाहिले. त्यात त्यांच्या कंपनीचे स्थान बरेच खाली होते. कागद परत देत ते म्हणाले, “या मासिकाची माझ्या वडिलांशी ओळख नव्हती.” जावई हसले. त्या हसण्यात उपहास नव्हता, पण वृद्धांस तो वाटला असावा. थोडा वेळ कोणीच बोलेना. मग आमच्याकडे वळून ते म्हणाले, “टीचर, तुम्ही निवाडा करा.”

आम्ही भूयोदर्शनाचा सिद्धान्त इंग्रजीत कसा मांडावा या विचारात होतो, तोच त्यांनी पुढे विचारले, “तुमच्या घरी कोणती गाडी होती? ती कशी होती?”

आमच्या तोंडून तत्काळ उत्तर निघाले. आमच्या वडीलबंधूंच्या दारी एकाच कंपनीची गाडी बावीस वर्षे होती. एका आषाढात, मध्यरात्री, धो धो पावसात आमच्या तीर्थरूपांस श्वास लागला, तेव्हा ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली आणि त्यांस साताऱ्यास पोहोचविले. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले. हे सांगताना आमचा कंठ दाटून आला. वृद्धांनी आमचा हात हातात घेतला व म्हणाले, “तर मग तुम्हांला कळते.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्हांस कळत होते, हे खरे. पण त्या कळण्यापायी आम्ही एका गरीब मुलाचे काय केले, हे त्यांस कोठे ठाऊक होते?

सन २०११ च्या दिवाळीत आमचा एक माजी विद्यार्थी आमच्या वाईच्या घरी आला. हुशार नव्हता, पण कष्टाळू आणि सरळ. भिलार, पाचगणीकडील स्ट्रॉबेरी पुण्यास गुलटेकडीच्या बाजारात पोहोचविण्याचा धंदा करावयाचा त्याने ठरविले होते. पतपेढीचे कर्ज मंजूर झाले होते. उरलेल्या रकमेसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. दोन कंपन्यांच्या पिकअप त्याच्या मनात होत्या, आणि निर्णय होत नव्हता. “सर, तुम्ही सांगाल ती घेतो,” असे तो म्हणाला. मालवाहू गाडीच्या चालकाच्या जागेवर आम्ही जन्मात बसलो नव्हतो. आमच्याजवळ होती ती एक आषाढाची रात्र. आम्ही बंधूंच्या गाडीच्या कंपनीचे नाव घेतले, आणि तेही अशा ठामपणे की जणू एखादे सूत्रच सांगत आहोत. त्याने वाकून नमस्कार केला आणि ती गाडी घेतली.

त्या गाडीने त्यास सुख दिले नाही. दुसऱ्या हंगामात ती पसरणी घाटात तीन वेळा बंद पडली. स्ट्रॉबेरी हे फळ फार नाजूक; वाट पाहणे त्यास ठाऊक नाही. माघातल्या एका रात्री भरल्या पेट्यांसह गाडी वळणावर दहा तास उभी राहिली. माल बाजारात पोहोचला तेव्हा सकाळचा लिलाव उरकला होता. निम्म्या पेट्यांस पाणी सुटले होते. तिसऱ्या वर्षी त्याने गाडी तोट्यात विकली. हप्ते पुढेही चालू राहिले, आणि पाटल्या सुटल्याच नाहीत. हे आम्हांस त्याच्याकडून नव्हे, एस.टी. स्थानकावर भेटलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून कळले. तो स्वतः मात्र दर गुरुपौर्णिमेस न चुकता येई, नमस्कार करी, श्रीफळ ठेवी आणि गाडीचा विषय काढीत नसे. आम्हीही काढीत नसू. तो काढीत नाही तो त्याच्या सौजन्यामुळे, आणि आम्ही काढीत नाही तो भित्रेपणामुळे, हे दोघांसही कळत असावे.

टेक्ससच्या त्या रात्री आमच्या ध्यानात आले की, शेजारच्या वृद्धांची निष्ठा आणि आमची निष्ठा एकाच जातीची. पण त्यांचे आचरण आमच्याहून शुद्ध. ते आपल्या निष्ठेपायी स्वतःचे पैसे घालतात. आम्ही दुसऱ्याचे घातले. गाडीबद्दल कृतज्ञ असणे यात दोष नाही. वडिलांस वाचविणाऱ्या यंत्रावरून प्रेमाने हात फिरविणाऱ्यास कोण हसेल? परंतु ‘या गाडीने मला साथ दिली’ हे एक वाक्य, आणि ‘या कंपनीची गाडी तुला साथ देईल’ हे दुसरे. पहिले स्मृती आहे. दुसरे अनुमान आहे, आणि त्यास हेतू लागतो. आम्ही पहिल्याच्या बळावर दुसरे सांगितले. शिवाय अशा निष्ठेच्या मुळाशी नेहमी गुणच असतात असेही नाही. अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर शेकडा २५ जकात बसविली. भांडण मूळचे युरोपाशी, कोंबड्यांच्या व्यापारावरून. पण तिच्यामुळे परदेशी ट्रक दीर्घकाळ दूर राहिले आणि दोन पिढ्यांची निवड मोजक्या देशी नावांतच झाली. बाजारात जे असते त्यावरच माणसाचे प्रेम बसते. आज टोयोटाचा ट्रक टेक्ससमध्ये बनतो आणि शेवरोलेचे कित्येक ट्रक मेक्सिकोतून येतात. तरी देशी-परदेशीचे अभिमान जेथल्या तेथे आहेत.

पुढे जावयांनी तक्त्याप्रमाणे आपला ट्रक घेतला. पहिल्या दिवशी त्यात बसून पाहावयास त्यांनी शेजारच्या वृद्धांसच बोलाविले, आणि ते आनंदाने बसले. आम्ही स्वदेशी परतलो.

२०२५ च्या गुरुपौर्णिमेस आमचा तो विद्यार्थी आपल्या मुलास घेऊन आला. मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा. बापाचाच धंदा त्यास नव्याने करावयाचा होता. नमस्कार झाल्यावर बापाने विचारले, “सर, याला कोणती गाडी घेऊ?” चौदा वर्षांपूर्वीचेच शब्द! आम्ही त्यास खाली बसविले आणि म्हटले, “तुझे जे नुकसान झाले, त्यात आमचा वाटा आहे.”

तो गडबडला. म्हणाला, “सर, गाडी काही तुम्ही बनवली नव्हती.”

“पण शब्द आम्ही दिला होता,” आम्ही म्हणालो. “आणि तो माहितीवाचून दिला होता.”

तो काही बोलला नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि आमचेही. आमच्या कुटुंबाने चहा आणला म्हणून बरे झाले.

त्यानंतर आम्ही मुलाच्या हाती एक कोरी वही दिली व तीत रकाने आखून दिले: कंपनी, घेतल्याचे साल, किती किलोमीटर चालली, काय बिघडले, किती दिवस उभी राहिली, खर्च किती. वाई, पाचगणी, भिलार या टापूत जे जे पिकअप चालवितात त्यांस विचारावे. मालकाइतकेच चालकास विचारावे, कारण मालक अभिमानाने दोष झाकतो. आणि मिस्त्रीस तर विचारावेच, कारण त्याच्यापासून काही लपत नाही. एंजिन आणि गिअर यांचे दोष तांबड्या शाईने लिहावे, म्हणजे किरकोळ तक्रारींत ते बुडणार नाहीत.

मुलगा चिकाटीचा निघाला. दसऱ्यापर्यंत त्याने ४१ गाड्यांची हकिकत लिहून आणली. बेरीज करून पाहतो तो काय, ज्या कंपनीने बापास बुडविले तिच्या अलीकडच्या गाड्या दुसऱ्या क्रमांकावर! पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात अंतर तर नाममात्र. ४१ गाड्यांच्या वहीवरून तेवढे अंतर खरे मानणे म्हणजे ७२ आणि ७४ चाच प्रकार. मुलगा म्हणाला, “बाबा, ही हजारो रुपयांनी स्वस्त पडते.” बाप बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “वही बरोबर असेल. पण ती गाडी पुन्हा माझ्या दारात नको.”

दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो. आमची एक गोड आठवण होती, त्याची एक कडू. शेवटी दोन्ही एकेकच शिते. तरीही आम्ही त्यास उपदेश केला नाही. जेथे परीक्षेने दोघांस जवळजवळ सारखे ठरविले, तेथे उरलेला निर्णय मनाने करण्यास काय हरकत आहे? थोडे पैसे जास्त जातील. पण पसरणी घाटाच्या त्या वळणावरून जाताना दरवेळी बापाच्या छातीत धस्स होणार नाही, याचीही काही किंमत आहे. मुलाने पहिल्या क्रमांकाची गाडी घेतली. यंदाचा हंगाम सुरळीत गेला. पण एका हंगामावरून आम्ही आता काही सांगणार नाही.

हा सारा वृत्तान्त आम्ही घरात पुन्हा सांगत होतो, तेव्हा आमचे कुटुंब भात वाढता वाढता म्हणाले, “तुमचा तो न्याय काही खोटा नाही. पण शीत चेपून पाहणाऱ्या बाईला तांदूळ कोणता, पाणी किती घातले, जाळ कसा होता, हे सगळे आधीच ठाऊक असते. म्हणून तिला एक शीत पुरते. दुसरीच्या चुलीवरल्या भाताचे ती कधी सांगत नाही.”

छत्तीस वर्षांच्या अध्यापनात न सुचलेले हे भाष्य आम्ही त्याच वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले आहे. ती वही सध्या भिलारात आहे. नवी गाडी घेऊ पाहणारे दोघे-तिघे ती मागून नेतात, आणि परत देताना आपल्या गाडीची हकिकत तीत भरून देतात, असे मुलगा सांगत होता.